तीन केसपेपर, तीन खोटी कारणं

वाचकाचं पत्र, ओळख पटणार नाही अशा बेतानं, थोडक्यात:

सिंहगड रोडला राहणाऱ्या एका भगिनीनं लिहिलं आहे. वय ३१, नोकरी करतात. वडील नाहीत. घरी आई आणि २६ वर्षांचा धाकटा भाऊ. तो हिंजवडीत रात्रपाळीला जातो. गेल्या सात महिन्यांत त्याला तीनदा कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. पहिल्यांदा पहाटे नवले पुलाकडे दुचाकी घसरून मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. दुसऱ्यांदा त्यानं घरातल्या खिडकीच्या काचेवर मूठ मारली, अकरा टाके पडले. तिसऱ्यांदा, मागच्या महिन्यात, अंग भाजल्यासारखं तापलं होतं, छाती धडधडत होती आणि कातडीखाली मुंग्या चालतायत म्हणून तो हात ओरबाडत होता. तिन्ही वेळा वेगवेगळी रुग्णालयं. सांगितलेली कारणं अनुक्रमे ‘कुत्रं आडवं आलं’, ‘बाथरूममध्ये घसरला’ आणि ‘ताप, अ‍ॅसिडिटी’. तिसऱ्या वेळी डेंग्यूची तपासणी झाली, निगेटिव्ह आली, तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. नंतर त्याच्या सॅकमध्ये काचेच्या चुऱ्यासारख्या खड्यांची पुडी सापडली. ‘आईस आहे, मेथ,’ असं त्यानं कबूल केलं, म्हणजे झोप उडवणारं उत्तेजक अमली द्रव्य. सुरुवात रात्रपाळीत जागं राहण्यासाठी झाली होती. आई म्हणते, गावी मामाकडे धाडू, लग्न लावून देऊ. मामा म्हणतात, पुढच्या वेळी दवाखान्यात नेऊच नका, खोलीत बांधून ठेवा, अद्दल घडेल. भगिनींचा प्रश्न असा: ‘डॉक्टरांना खरं सांगितलं तर पोलीस केस होईल का? त्याच्या करिअरची वाट आम्हीच लावली असं होईल का? की न सांगता निभावून नेता येईल?’ ताजा कलम: खिडकीला अजून पुठ्ठाच लावला आहे, कारण काचवाला आला की शेजारी विचारतील.

प्रिय ताई,

आज आई झोपल्यावर एक काम करा. ते तिन्ही केसपेपर काढा आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा. वरच्या कोपऱ्यातल्या तारखा बघा, वेळा बघा. तिन्ही वेळा मध्यरात्र ते पहाट असणार, असा माझा अंदाज आहे. तुमच्या पत्रात ‘अपघात’ हा शब्द पाच वेळा आला आहे. तीन कागद एकत्र पाहिल्यावर तो शब्द तुम्हालाही खटकेल. पण हे कागद आजपर्यंत एकाही डॉक्टरनं एकत्र पाहिलेले नाहीत, कारण तुम्ही दर वेळी रुग्णालय बदललंत. हे ठरवून केलंत असं मी म्हणत नाही. ‘मागच्या ठिकाणी ओळखतील’ एवढा एकच विचार त्या रात्री मनात असतो आणि रिक्षा आपोआप दुसरीकडे वळते.

मी बावीस वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते. ‘बाथरूममध्ये घसरला’ हे वाक्य मी इतक्या वेळा केसपेपरवर उतरलेलं पाहिलंय की पुण्यातली निम्मी बाथरूमं शेवाळलेली असावीत असं वाटायचं. नवऱ्याची मारहाण, सुनेची गोळ्यांची बाटली, पोराची नशा, सगळं त्या एका फरशीवर घसरायचं. आम्हाला कळायचं, पण रात्री तीन वाजता बाहेर स्ट्रेचरची रांग लागलेली असताना घरच्यांनी सांगितलेलंच लिहिलं जातं आणि उपचारही त्याच धाग्यानं पुढे जातात.

तुमच्या तिसऱ्या रात्रीबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण ती रात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार वाईट होती. मेथनं चढणारी उष्णता म्हणजे आपला नेहमीचा ताप नव्हे. शरीराचा गिअर वरच्या वर अडकून बसतो. स्नायू ताणलेले, हृदय पळतंय, माणूस एका जागी बसत नाही, आणि त्या सगळ्याची धग आतून येते. तापाच्या गोळीचा तिथे उपयोग होत नाही. लागतं ते अंग थंड करणं, सलाईन, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली शिरेतून दिलेलं शांत करणारं औषध. या विषावर उतारा असा नाही. अंमल ओसरेपर्यंत शरीर सांभाळायचं. आणि मेथ शरीरात निम्मं व्हायलाच दहा-बारा तास घेतं. उष्णता फार वाढली तर स्नायू विरघळू लागतात, त्यातला गाळ मूत्रपिंडात अडकतो. तरुण पोरांमध्ये मेंदूत रक्तस्राव झालेला, हृदयविकाराचा झटका आलेला असतो आणि घरचे म्हणत असतात, ‘पण सव्वीसच वय आहे हो.’ डेंग्यूची तपासणी करणाऱ्या त्या डॉक्टरवर मी रागावणार नाही. पुण्यात अंग तापलेला तरुण आला की डेंग्यू डोक्यात येणारच. त्याला दिलेल्या माहितीवर त्यानं योग्यच केलं. माहिती चुकीची होती.

पहिल्या दोन वेळांचंही तेच. मनगटाला प्लेट बसवताना भूल दिली असेल. त्याच्या रक्तात काय होतं हे भूल देणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं, आणि उत्तेजक द्रव्यावर भूल म्हणजे हृदयाशी खेळ. दुखणं कमी करायला सर्रास दिलं जाणारं ट्रामाडोल अशा माणसात आकडी येण्याचा धोका वाढवतं. आणि काचेच्या वेळी तुम्ही लिहिलंय, ‘रक्त वाहत होतं तरी तो हसत होता, दुखतच नव्हतं त्याला.’ या वाक्यावर मी थांबले. मेथच्या अंमलात वेदना दबते, म्हणून तुटलेला मज्जातंतू किंवा कापलेला स्नायूबंध दुसऱ्या दिवसापर्यंत लक्षातच येत नाही. त्याची बोटं आता नीट वळतात का, तेवढं एकदा हाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

आपल्याकडे सगळ्याच पांढऱ्या पुडीला ‘एमडी’ म्हणायची सवय झाली आहे, विशेषतः फेब्रुवारी २०२४मध्ये पोलिसांनी पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभपासून दिल्लीपर्यंत छापे घालून दीड हजार किलोंहून जास्त माल पकडला तेव्हापासून. ते एमडी म्हणजे मेफेड्रोन. तुमच्या भावाचे खडे, तो म्हणतो ते खरं असेल तर, मेथ म्हणजे मेथअ‍ॅम्फेटामिन. दोन्ही उत्तेजकच, पण लघवीच्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन बरेचदा दिसत नाही, मेथ साधारण दोन ते चार दिवस दिसतं, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही पट्टी खोटी उमटू शकते. म्हणून डॉक्टरांना पट्टीपेक्षा तुमच्या तोंडचं नाव जास्त उपयोगी. पुडी सोबत नेण्याची गरज नाही. काय घेतलं असं तो म्हणतो, किती वाजता, नाकातून की धूर ओढून की सुईनं, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का, एवढं पुरे. ‘सोबत काय’ हा प्रश्न विसरू नका. अमेरिकेत अशा भेटींची मोजदाद झाली तेव्हा मेथशी संबंधित कॅज्युअल्टीच्या भेटी २००७मध्ये सुमारे ६८ हजार आणि २०११मध्ये सुमारे १ लाख ३ हजार निघाल्या, आणि २०११च्या भेटींपैकी निम्म्याहून जास्त वेळा मेथबरोबर आणखी काहीतरी घेतलेलं होतं. तिथे हे मोजता आलं, कारण कागदावर कारण लिहिलं गेलं. तुमचा भाऊ तीनदा जाऊन आला, पण नोंद आहे ती एका कुत्र्याची, एका फरशीची आणि अ‍ॅसिडिटीची.

आता पोलिसांचं. इथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५चा आहे आणि त्याच्या कलम २७ खाली नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. नशेचं विष अंगात आहे असं डॉक्टरांना कळलं तर ते एमएलसी करू शकतात, म्हणजे पोलिसांना खबर देऊ शकतात. पण एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. आणि एक गंमत बघा: रस्त्यावरच्या अपघाताची एमएलसी होतेच, त्यामुळे मनगट मोडलं तेव्हा ती बहुधा झालेलीच आहे, जबाब घ्यायला चौकीतून कुणी आलं असेल तर आठवून पाहा. म्हणजे त्या रात्री खोटं बोलूनही पोलीस टळले नाहीत. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ज्याबद्दल घराघरांत कुणी बोलत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मेथसाठी अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅम. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाजीनगर कोर्टात कायद्याचा सल्ला देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे विचारून घ्या. ऑफिसातल्या कुणाच्या मेव्हण्याच्या सल्ल्यावर विसंबू नका. राहिला कॅज्युअल्टीच्या दारातला प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे की आधी जीव वाचवायचा, कायद्याचे सोपस्कार नंतर. ‘आधी पोलीस आणा’ असं कुणी म्हणालं तर हे आवाज न चढवता सांगा.

करिअरचं म्हणाल, तर कंपनीच्या एचआरला फोन करणं हे कॅज्युअल्टीचं काम नाही आणि डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे. खरी अडचण निघते ती विम्याची. बऱ्याच पॉलिसींत नशेच्या उपचारांचा खर्च वगळलेला असतो, आणि घरच्यांच्या खोटं बोलण्यामागे पुष्कळदा पोलिसांपेक्षा हीच भीती असते. ती खोटी नाही. पॉलिसीचा कागद आत्ताच वाचून ठेवा. पैशांची ओढाताण होणार असेल तर सरकारी ससून रुग्णालय आहे, पिंपरीला महापालिकेचं वायसीएम आहे. गर्दी असते, भिंती चकचकीत नाहीत, पण विषबाधा आणि मानसोपचार एका छताखाली मिळतात. कोणतंही निवडा, पण यापुढे एकच ठरवा. जुने कागद भावाच्या सहीच्या अर्जानं मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ते देण्याचा नियम आहे. सगळे एका फाइलीत लावा.

मामांना माझा निरोप द्या. बांधून ठेवू नका. मेथच्या अंमलात बांधलेला माणूस सुटण्यासाठी झटतो, त्या झटापटीत उष्णता आणखी चढते, आणि पालथं दाबून धरलं तर श्वास कोंडतो. धडधाकट पोरं अशीच अचानक गेली आहेत. त्याऐवजी खोलीतली माणसं कमी करा, एकानंच बोला, टीव्ही बंद, दिवे मंद, सुरी-कात्री बाजूला, आणि दाराची वाट मोकळी. पंख्यात कॅमेरा आहे असं तो म्हणाला तर ‘नाहीये’ म्हणून वाद घालू नका आणि ‘आहे’ही म्हणू नका, ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच बसलेय’ एवढंच म्हणा. अंग चटके देण्याइतकं तापलं, छातीत दुखलं, आकडी आली, एक बाजू लुळी पडली, जीभ अडखळली, डोकं फुटल्यासारखं दुखलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर वाट पाहायची नाही. १०८ला फोन, जास्तीचे कपडे काढा, ओल्या पंचानं अंग पुसत पंखा लावा, गुंगीत असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात पाणी ओतू नका. अद्दल वगैरे सगळं नंतर.

आणि आईंचं लग्नाचं? आईवर चिडू नका, तिच्या पिढीला माहीत असलेला तोच एक उपाय आहे. पण त्या घरात येणारी मुलगी म्हणजे चौथा केसपेपर, आणि तो तिच्या नावाचा असेल. मी असे पाहिले आहेत. गावी जाण्याबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. पुण्याबाहेर, पुरवठ्यापासून आणि रात्रपाळीपासून दूर महिनाभर राहणं वाईट नाही, पण ते उपचारांनंतर. उपचारांऐवजी नाही. मामांकडे दोरी तयार असेल तर अजिबात नाही.

मेथ सुटायला दारूसारखी किंवा अफूसारखी ठरलेली गोळी नाही, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे ‘डॉक्टरांनी काही औषधच दिलं नाही’ असं वाटणार नाही. चालतं ते समुपदेशन, दिनक्रम, आणि नियमित तपासणी करून ‘स्वच्छ’ आली की छोटं बक्षीस देण्याची पद्धत. पोरखेळ वाटेल, पण उत्तेजकांच्या व्यसनात सर्वात भरवशाचा पुरावा याच पद्धतीचा आहे. बक्षीस रोख पैशात नको, हे सांगायला नको. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. १९८६मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैशाचं बळ दिलं. तिथे भाऊ तयार नसेल तरी तुम्ही आधी एकट्या जाऊन बोलू शकता, आणि मी सांगेन की आधी एकट्याच जा. फोनवर बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६.

‘रात्रीत गाडी येते आणि उचलून नेतात’ अशा जाहिराती करणाऱ्या केंद्रांपासून सावध राहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणारे मनाचे आजारही धरले आहेत. माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं झालं तर त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, ठरलेली पद्धत आणि सुरुवातीला तीस दिवसांची मर्यादा आहे. साखळीनं बांधायला मनाई आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, घरच्यांना कधी भेटू देतात, हे तिन्ही प्रश्न विचारा. ‘पहिला महिना भेट नाही’ असं उत्तर मिळालं तर पर्स उचला आणि निघा.

त्याच्याशी बोलायचं कधी, हे बोलायचं काय याइतकंच महत्त्वाचं आहे. अंमलात असताना नाही. उतरल्यावर तो दोन-तीन दिवस झोपेल, उठून बकाबका खाईल, आणि मग एकदम उदास होईल. उदासीचे ते दिवस नाजूक असतात, जीव द्यायचे विचार त्याच दिवसांत येतात. त्याला एकटं ठेवू नका, आणि ‘मरावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. त्याच दिवसांत तो ऐकूही शकतो. तेव्हा तिन्ही केसपेपर त्याच्यासमोर ठेवा. भाषण नको. ‘हे तिन्ही खोटे आहेत आणि दोन माझ्या तोंडचे आहेत. मी यापुढे खोटं सांगणार नाही. पुढच्या वेळी न्यावं लागलं तर काय घेतलंस ते मी डॉक्टरांना सांगेन. तुला आधी सांगून ठेवतेय.’ बस. तो भांडेल, घर सोडून जाईन म्हणेल. पण कळल्यापासून तुम्हीही चोरून वागताय. सॅक तपासणं, पुडी लपवणं, आईला अर्धंच सांगणं. निदान तुमच्या बाजूनं तरी ते थांबेल.

आमच्या लोकांबद्दलही एक कबुली देते. तुम्ही खरं सांगाल आणि समोरचा थकलेला पोरसवदा डॉक्टर कदाचित म्हणेल, ‘नशा करायची आणि आमच्या डोक्याला ताप द्यायचा.’ मी हे वाक्य माझ्या समोर, एका आईच्या तोंडावर म्हटलेलं ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसले. त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. तुमच्यावर तशी वेळ आली तर अपमान गिळा, आणि त्याच खोलीतल्या सिस्टरकडे वळून तेच पुन्हा सांगा. केसपेपरवर लिहिलं गेलं की नाही ते डोळ्यांनी पाहा. पाठवायच्या आधी मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागून घ्या. टाके घालून, हाताला पट्टी बांधून थेट घरी पाठवलेला पोरगा महिनाभरात परत येतो.

पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की त्याची क्रेडिट कार्डाची थकबाकी दोनदा तुम्ही भरलीत, आणि नुसतं ‘बावळट मी’ असं म्हणून पुढे गेलात. बावळट नाही. पण तिसऱ्यांदा भरू नका. आणि आठवड्यातून एक रात्र मैत्रिणीकडे जाऊन झोपा. सात महिने तुम्ही एक कान दाराकडे ठेवून झोपताय.

आता खिडकी. काच बसवून घ्या, पावसाळा तोंडावर आहे, पुठ्ठा किती दिवस टिकणार. टफन केलेली काच मागा. थोडी महाग पडते, पण फुटली तर तिचे बोथट दाणे होतात, पाती होत नाहीत. काचवाला दिवसाढवळ्या येऊ दे. शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या आणि कशी फुटली म्हणून विचारलंच, तर ‘भावाची तब्येत बरी नाहीये, उपचार सुरू करतोय’ म्हणा. त्या ‘कुठे दाखवताय?’ विचारतील. रुग्णालयाचं नाव सांगून टाका.